सुटलेला फॉर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाइंडरबाई पुस्तकं वाचत नसत. पानांचे आकडे जुळवायचे, सोळा-सोळा पानांचे फॉर्मे शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, की झालं. पण ही जाडजूड कादंबरी पुन्हा खिळखिळी होऊन आली, तेव्हा शिवताशिवता त्यांनी एक पान वाचलं आणि बोटावरची खळ तशीच वाळली.

जादू, राक्षस एकवेळ चालले असते. पण नायक! अंगभर खरूज झालेला भाडोत्री सैनिक. कैद्यांची नखं उपटणारा. तापाने फणफणलेल्या आईला बर्फात टाकून, वर तिच्या अंगावरचं कांबळं ओढून पळालेला. बाईंनी ते पान पालथं घातलं.

"शी! या मेल्यावर एवढा ग्रंथ?"

"म्हणून तर रांग लागलीय, बाई," ग्रंथपाल हसले. "उद्या द्या हं."

बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या धाकट्या भावानेही अंथरुणाला खिळलेल्या आईला त्यांच्या दारात आणून सोडलं होतं. मग तोंड काळं केलं ते तिच्या शेवटालाही फिरकला नाही. काल अचानक फोन आला, "ताई, रविवारी येऊ?" बाईंनी फोन ठेवून दिला होता.

कांबळ्याचा फॉर्मा त्यांनी चिमटीत धरून खिडकीत टाकला आणि उरलेलं पुस्तक शिवायला घेतलं. ही घाण नसली तर कुणाचं अडतंय?

शेवटचा टाका घालताना मात्र नजर घसरली. म्हातारा झालेला तो नराधम थंडीने काकडत होता, पण उशाशी घडी करून ठेवलेलं कांबळं काही अंगावर घेत नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. असल्या माणसासाठी! आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

आणि तो फॉर्मा नसेल, तर वाचणाऱ्याला हे कांबळं कुणाचं ते कसं कळणार?

मधला फॉर्मा घालायचा तर सगळी शिवण उसवावी लागते. नायकाला शिव्या घालत बाईंनी ती उसवली, पुन्हा शिवली. मग हात धुऊन फोन लावला.

"ये रविवारी. पण सांगून ठेवते, तुझी अजून शिसारी येते मला."

पलीकडून भाऊ म्हणाला, "जेवायला काय करशील, ताई?"

"शिळं," बाई म्हणाल्या. "उरलं तर."