चाकांखालचा धूर

विमानाची चाकं धावपट्टीला टेकतात, तेव्हा त्यांच्याखालून क्षणभर पांढरा धूर उठतो. आमच्या विमानवेड्यांच्या ग्रुपवर सुलभाताईंनी आज नेमका तो क्षण टिपलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "निघालं एकदाचं!"

विमान निघालं नव्हतं, उतरत होतं.

पूर्वी अशा वेळी मी "चूक. नीट बघा." एवढंच लिहायचो. त्या तीन शब्दांनी बापट नावाचे एक हौशी गृहस्थ ग्रुप सोडून गेले, ते मला अजून बोचतं. विमानालासुद्धा कोणी जमिनीवर आपटत नाही. मागची चाकं आधी हलकेच टेकवतात, नाक जरा वर धरतात, मग सावकाश खाली आणतात. माणसाला त्याची चूक सांगताना तेवढी काळजी का घेऊ नये?

मी लिहिलं, "ताई, धूर काय सुरेख पकडलाय! चाकं टेकतानाचाच ना हा?"

पाठवलं आणि पुन्हा बापट आठवले. तेवढ्यात ताईंचं उत्तर आलं.

"अगंबाई! म्हणजे हे उतरतंय? अहो काका, मी त्याला हात हलवून टाटा केला की!"

"मग आता चहाला बोलवा," कोणीतरी लिहिलं आणि ग्रुपभर हसू पसरलं.

संध्याकाळी ताईंचा आणखी एक फोटो आला. "हे मात्र नक्की निघालंय. काका, बघा बरं."

मी फोटो मोठा केला. नाक वर होतं, चाकं अर्धी पोटात गेली होती.

"शंभर टक्के निघालंय, ताई!" मी लिहिलं, आणि या वयात खुर्चीतून उठून चक्क टाळ्या वाजवल्या.