रेंजच्या आतलं गाव

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ एकटे राहतात. मी लहानाची मोठी झाले त्याच लष्करी कॅम्पात त्यांचा जन्म झालाय, हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता. त्यांचे वडील तिथे गोऱ्या पलटणीत सार्जंट होते. स्वातंत्र्याच्या वेळी हे कुटुंब इकडे परतलं. यंदा आई पुण्याहून आली, तेव्हा मी त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं.

ते खुशीत होते. लायब्ररीत लवकरच त्या कॅम्पच्या इतिहासावर त्यांचा टॉक होणार होता, त्यातलंच सांगत होते. बंगल्यापुढची बाग, संध्याकाळचा बँड, आणि रविवारी फायरिंग रेंजमधल्या नदीकाठी पिकनिक. तिथे एक पडकं देऊळ होतं, दगडी घाट होता, पण माणूस म्हणून दिसायचा नाही, असं ते म्हणाले. मी आईला मराठीत सांगत होते. घाटाचं ऐकल्यावर तिने कप खाली ठेवला.

"ते आमचं गाव. माणसं नव्हती, कारण त्यांना उठवलं होतं. सांग त्यांना."

आजोबा, म्हणजे आईचे वडील, कॅम्पशेजारच्या वस्तीतले, एवढंच मला माहीत होतं. त्याआधीचं काही बोललेलं त्यांना खपायचं नाही. आईने सांगितलं ते असं: महायुद्धात रेंज वाढवायची म्हणून उभी पिकं सोडून अख्ख्या गावाला बाहेर काढलं. शेत गेलं, म्हणून आजोबा त्याच कॅम्पातल्या मेसमध्ये भांडी घासायला लागले.

मी चुळबुळत राहिले. घरी आलेल्या माणसाला हे तोंडावर कसं सांगायचं? आई माझ्याकडे बघत थांबली होती. शेवटी मी सांगितलं, काही न गाळता.

मग त्यांनी विचारलं, "पण आम्ही निघून गेल्यावर जमीन तुम्हाला परत मिळाली असेल ना?"

"नाही," आई म्हणाली. "झेंडा बदलला. कुंपण तेच राहिलं."

त्यानंतर कितीतरी दिवस माझं कशात लक्ष लागेना. त्या कॅम्पातल्या शाळेत मी शिकले, तिथल्या तलावात पोहायला शिकले. तिथल्या झाडांच्या रस्त्यांचं ऑफिसात कौतुक सांगितलं होतं. आता रागवायचं तरी कुणावर?

टॉकच्या दिवशी नदीचा भाग आला तसे शेजारी थांबले. इथे एक गाव होतं, म्हणाले. नावातला ळ त्यांना जमेना, म्हणून त्यांनी आईला विनंती केली. आई पहिल्या रांगेत उभी राहिली आणि तिने ते नाव खणखणीत आवाजात उच्चारलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते मला बरं वाटलं.

तिघं घरी चालत येताना आई म्हणाली, वर्षातून एकदा, जत्रेला, गोळीबार थांबवून जुन्या गावकऱ्यांना देवळापर्यंत सोडतात. ती एकदाही गेली नव्हती. मी तिथल्या तिथे रजेचा मेल टाकला. मलाही आत सोडतील का, असं शेजाऱ्यांनी चाचरत विचारलं. मला माहीत नव्हतं. आईला विचारलं, तर ती पुढे चालू लागली.