मागचं बोट नसलेला पक्षी

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. भुताखेतांवर, पिंडाला शिवणाऱ्या कावळ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं... पण आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. निवृत्तीनंतर मला पक्षी बघायचा नाद लागला. पक्षीगणनेचे तक्ते गावातून मीच भरायचो. एका सकाळी चहाच्या टपरीवर आमचे शेतकरी मित्र दगडूभाऊ धापा टाकत आले.

"गुरुजी, माझ्या ज्वारीत माळढोक हाय! कमरेएवढा!"

"लांडोर असेल, दगडूभाऊ."

"मला लांडोर कळंना व्हय? पाय बघितलं मी. म्होरं तीन बोटं, मागं बोटच न्हाई."

"बिनबोटाचा पक्षी? आज सकाळीच घेतली वाटतं!"

माझ्या या बोलण्यावर सगळी टपरी हसली. आयुष्यात दारूला हात न लावलेला माणूस तो... चहा न पिताच निघून गेला. मी तक्त्यात 'लांडोर' लिहिलं. गावाने त्यांना 'बिनबोट्या' म्हणायला सुरुवात केली.

पुढे एका पुस्तकात वाचलं – माळढोकाला मागचं बोट नसतंच. विज्ञानाच्या मास्तरालाच ठाऊक नव्हतं! उद्या सांगू, परवा सांगू म्हणत दोन वर्षं गेली, आणि दगडूभाऊच गेले.

दहावा त्यांच्याच शेताला लागून असलेल्या ओढ्यावर झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आण्णा, आईला सांभाळीन." कावळे बाभळीवरून हलेनात. मग वहिनी माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, तुमी बोला की कायतरी. टपरीवरचं ते लई लागलं हुतं त्यांना."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. "मी काय बोलणार, वहिनी..." म्हणालो आणि मान फिरवली.

तिकडेच तो उभा होता. नुकतं पाणी दिलेल्या मोकळ्या वाफ्यात, वीस पावलांवर, लख्ख उन्हात. उंच पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, शेतमालकाच्या ऐटीत चालू लागला. भीती वाटलीच नाही – इतकं सुख वाटलं की डोळे भरून आले. मागून गलका झाला, "शिवला, शिवला!" मी क्षणभर वळलो. परत पाहतो तर वाफा रिकामा.

दुसऱ्या कुणीच काही पाहिलं नव्हतं. पण चिखलात पावलं होती – तीन-तीन बोटांची, वाफ्याच्या मधेच सुरू होऊन मधेच संपलेली. एवढा जड पक्षी धाव घेतल्याशिवाय उडत नाही. मग आला कुठून, गेला कसा? मला अजून कळलेलं नाही.

जुन्या तक्त्याची दुरुस्ती मी लिहून पाठवली आहे. तो पक्षी आठवला की आजही मन भरून येतं, खरंच. पण वहिनी "बोला" म्हणाल्या तेव्हा त्या चाळीस जणांसमोर एवढंच म्हणायचं होतं – "दगडूभाऊ, तुमचं खरं होतं. माझं चुकलं, मला माफ करा." तेवढं काही माझ्याच्यानं झालं नाही.