वसुधाला दिलेलं विरजण

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण— नाही, कारण वगैरे काही नाही. सांगायचं ठरवलंय, एवढंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी ब्रेड उत्तम करते. त्याबाबतीत खोटा विनय मला कधी जमला नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही इंग्लंडात, ब्रिस्टलला आलो. यांची हॉस्पिटलातली नोकरी, मी घरात, आणि दुकानात मिळायचा तो पांढरा, स्पंजासारखा स्लाइस्ड ब्रेड. शेजारच्या डोरोथीबाईंनी एक दिवस मला एक बरणी दिली. आत पीठ आणि पाणी, आंबून फसफसलेलं. त्या त्याला स्टार्टर म्हणायच्या, मी विरजण म्हणायला लागले. रोज थोडं काढून टाकायचं, थोडं ताजं पीठ-पाणी घालायचं, की ते जिवंत राहतं. घरी दह्याला विरजण लावत वाढलेल्या बाईला यात नवल ते काय? थोड्याच दिवसांत डोरोथीबाई माझ्याकडून ब्रेड नेऊ लागल्या.

आमच्या मराठी मंडळींत पावभाजीचा बेत ठरला, की पाव नलूताईंचा, म्हणजे माझा. तसं कुणी ठरवलं नव्हतं— ते ठरूनच गेलं होतं.

मग वसुधा आली.

तिचा नवरा यांच्याच हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर, सतत ऑन-कॉल. ही दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी, कडेवर लहान मुलगी. पहिल्यांदा आमच्याकडे आली ती अळूवड्या घेऊन. अशा खुसखुशीत, की त्या दिवशी माझा ब्रेड टेबलावर तसाच राहिला. मग गणपतीत तिचे मोदक, दिवाळीत तिचे चिरोटे. जो तो वसुधाला विचारायला लागला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण हसून गिळलं. एक ब्रेड तेवढा तिला येत नव्हता— तो माझा होता.

एका सकाळी ती मुलीला बाबागाडीत घालून, धापा टाकत आली. तिच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक कॅफे होता. तिथली मालकीण म्हणाली होती, घरी केलेला ब्रेड आणून दाखव, आवडला तर सकाळचं काम देईन.

"नलूताई, तुमचं विरजण द्याल थोडं? मला घराबाहेर पडायचंय हो. भिंतींशी बोलायला लागलेय मी."

"अगं, देते की. संध्याकाळी ये न्यायला."

ती गेली आणि मी किटली लावली.

आता— सांगते. तिच्यासाठी छोट्या बरणीत विरजण काढलं. ती बरणी पातेल्यात ठेवली आणि भोवती कढत पाणी ओतलं. चांगली तापेपर्यंत तशीच ठेवली. इतक्या उष्णतेनं विरजण मरतं, हे मला पक्कं माहीत होतं. निवल्यावर ढवळून पाहिलं. दिसायला तसंच, वासही तसाच आंबूस. झाकण लावलं. संध्याकाळी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आजच मळून ठेव हं."

रागाच्या भरात केलं का? नाही. घाईत केलं का? तेही नाही.

तिचा ब्रेड फुगला नाही. वीट झाली नुसती. ती हसत हसत सांगायला आली, पण डोळे लाल होते. म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. पुन्हा द्याल?" पहिल्या वेळेला तुम्ही मत्सर म्हणाल, क्षणाचा मोह म्हणाल. मग दुसऱ्या वेळेला काय म्हणाल? मी पुन्हा दिलं, आणि पुन्हा तसंच मारून दिलं. वर तिला ओट्याशी उभी करून मळायला शिकवलं— मनगट असं ठेव, पाणी बेतानं घाल. तिनं चूक स्वतःच्या हातात शोधावी, म्हणून शिकवलं.

दुसऱ्या विटेनंतर तिनं काय केलं असेल? ती मला त्या कॅफेत घेऊन गेली. दारातूनच मालकिणीला म्हणाली, "मला नाही जमत, पण या माझ्या नलूताईंचा ब्रेड खाऊन बघा." तिचं तोडकं इंग्रजी, तरी चेहऱ्यावर अभिमान— माझ्याबद्दलचा. मी नको म्हटलं का? मी दुसऱ्याच दिवशी ब्रेड घेऊन गेले. पुढे कित्येक वर्षं तिथल्या फळीवर माझा ब्रेड होता, आणि लोक तो मागून नेत होते. चांगलाच होता तो.

वसुधाच्या नवऱ्याला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि ते ब्रॅकनेलला गेले. फोन व्हायचे, हळूहळू कमी झाले. मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, लंडनमध्ये एजवेअरला एका लग्नात ती भेटली. मला घट्ट मिठी मारली. मुलगी चांगली उंच झाली होती.

"मावशी, आई सांगते तुमचा ब्रेड बेस्ट असते. मला पण शिकायची आहे," मुलगी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

"शिक हो, त्यांच्याकडूनच शिक," वसुधा म्हणाली. "मला त्यांनी किती जीव तोडून शिकवलं होतं."

मुलगी मैत्रिणींकडे पळाली. आम्ही दोघी ताटं घेऊन बसलो. मी विचारलं, ब्रॅकनेलला काही करतेस की नाही? ती म्हणाली, "नाही हो. एवढा साधा ब्रेड जमला नाही तर आपल्याला कोण काम देणार, असंच वाटत राहिलं. मग कुठे विचारायचा धीरच झाला नाही." तक्रारीचा सूर नव्हता. माझ्या ताटातली जिलबी संपलेली पाहून तिनं स्वतःची माझ्या ताटात घातली.

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, घाई नव्हती, ती माझ्याकडेच बघत होती.

मी जिलबी खाल्ली, आणि मोदकांची कृती विचारली. तिनं सगळी सांगितली— उकडीत तेल कधी घालायचं, तेसुद्धा.