लसणीचं कौतुक

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — घोरणं, चोरून खाल्लेली भजी, सगळं. हे एक तेवढं तिलाही कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

आम्ही हळर्णला गावठी कोंबड्या पाळतो. औषधाविना वाढवलेल्या कोंबड्यांसाठी माझं पेडण्याच्या बाजारात नाव आहे. खाद्यात लसूण, हळद आणि कडुलिंबाचा पाला कुटून घालायचा, ही माझ्या वहिनीची युक्ती. खुराड्यात शिरलं की माणसालाच भूक लागावी असा वास! मांस घट्ट, चवदार. यात खोटं काही नाही.

खोटं पुढं आहे.

तीन वर्षांपूर्वी पावसाच्या सुरुवातीला आमच्या पिल्लांना रक्ती हगवण लागली. आतड्यात परजीवी होतात, त्याचा रोग. पंख पाडून, डोळे मिटून बसायची बिचारी. वहिनी म्हणाली, लसूण दुप्पट कर. केली. आणि मग — सांगतो, थांबा — जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणून गुपचूप पिण्याच्या पाण्यात मिसळलं. पाच दिवस. पिल्लं उठली. औषधाचा अंश जाईपर्यंत एकही विकलं नाही, एवढी अक्कल होती. पण सांगायची हिंमत?

"बघितलंस मरे भावोजी, माझी लसूण!" वहिनीनं वाडाभर डंका पिटला. गणपती पोचवल्यावर आमच्याकडे कोंबडीच्या शागोतीचं, म्हणजे मसालेदार रश्शाचं, जेवण झालं. लोक बोटं चाटत होते, मी मान डोलावत होतो. फुकटचं कौतुक किती गोड लागतं हो!

आठच दिवसांनी शेजारच्या सुमतीच्या वीस पिल्लांना तोच रोग. ती धावत माझ्याकडेच आली. मी काय सांगितलं असेल? "लसूण घाल." वहिनी बाजूलाच उभी होती ना! मागाहून एकटीला गाठून खरं सांगता आलं असतं. आज जातो, उद्या जातो — अठरा मेली.

"माझोच हात वायट," सुमती म्हणाली. तेव्हापासून ती कोंबड्या पाळत नाही. अंडी माझ्याकडून नेते, वर हसून म्हणते, "तुझो हात बरो मरे." आणि मी? मी चांगली मोठी बघून देतो. बस्स.

तिचा हात वाईट नव्हता. तिची पिल्लं माझ्या गप्प बसण्यानं मेली. हे तिच्या अंगणात जाऊन, वहिनीच्या देखत, तिला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.