भाईंचा कीबोर्ड

“हात उचलू नको.”

रेवसच्या लाँचवर मांडीवर लॅपटॉप घेऊन मी काम करत असायची, आणि माझा हात कीबोर्ड सोडून टचपॅडकडे वळला रे वळला की शेजारून भाईंचं हे वाक्य यायचं. आवाज चढलेला नसे. तरी मी चोरी पकडल्यासारखा हात मागे घ्यायची.

रोज सकाळी भाऊच्या धक्क्याला जाणारे आम्ही चार-पाच प्रोग्रॅमर मागच्या बाकावर एकत्र बसायचो. मधे पाण्यावर नेटवर्क जायचं, काम थांबायचं आणि गप्पा सुरू व्हायच्या. तुम्ही आमच्यासारख्यांच्या गप्पा ऐकल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, कोणाचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, चांगला यावरून आम्ही भावकीसारखे भांडतो. भाई कधी भांडले नाहीत. बारा वर्षं आखातात नोकरी करून आलेला पन्नाशीचा माणूस. एडिटर एकच, तोही जुनाट, पण त्यावर त्यांची बोटं अशी पळायची की आम्ही भांडण विसरून बघत राहायचो.

तीन बटणांचं काम कुणी दोन बटणांत करून दाखवलं की स्वारी दिवसभर खूश. “एक बोट वाचलं बघ,” म्हणायचे. निलेश चिडवायचा, “भाई, वाचवलेली बोटं ठेवता कुठं?” भाई हसायचे, आम्हीही हसायचो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

एका सकाळी त्यांनी विचारलं, “उजवी करंगळी वापरायचीच नाय असं ठरवलं, तर काय करावं लागंल?”

आम्हाला वाटलं, कोडं घातलंय. मग काय, प्रत्येकाला आपली हुशारी दाखवायची होती. निलेशने एंटरचं बटण हलवलं, सुचेताने डिलीटचं, मी सगळे कंस डावीकडे आणून दिले. भाईंनी ते सगळं कीबोर्डच्या सेटिंगच्या फाइलीत उतरवून घेतलं. महिन्याभराने त्यांनी विचारलं, “आणि तिच्या बाजूचं बोट पण नसंल तर?” बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला. दोन्ही बोटं आत वळली होती, सरळ होत नव्हती.

नसांचा आजार होता, बोटांपासून सुरू होऊन वर चढणारा. औषध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगी बारावीला होती आणि तिचं कॉलेज होईपर्यंत भाईंना नोकरी टिकवायची होती. “फार तकलीफ नाय,” ते म्हणाले, “फक्त बटणं कमी करायची हायत.”

आम्ही टिप्स देत सुटलो. दुसरं काय देणार? आम्हाला तेवढंच येतं. पायाने दाबायचं पेडल झालं. आपोआप कोड लिहिणारं एआय झालं. “लिवतो झकास,” भाई म्हणाले, “पण त्याची चूक सुधारायला बोट लागतंच ना पोरी.” बोलून लिहायची सोय करून दिली, तर थोड्या महिन्यांत त्यांची जीभ जड झाली आणि मशीनला ते कळेनासे झाले. दर महिन्याला आम्ही बटणांची नवी मांडणी घेऊन यायचो, आणि तोवर आणखी एक बोट गेलेलं असायचं. एकदा मी त्यांच्या देखत मुद्दाम टचपॅडवर बोट फिरवत बसले, त्यांनी रागवावं म्हणून. ते पाण्याकडे बघत राहिले.

पावसाळ्यात लाँच बंद झाली. पुन्हा सुरू झाली तेव्हा भाई आले नाहीत. नोकरी सुटली होती.

थोड्या दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. “ताई, कॉलेजच्या फॉर्मसाठी अब्बांचा लॅपटॉप हवाय. पण एक दाबलं की भलतंच उमटतं. एक बटण जागेवर नाय.”

मी घरी गेले. भाई खिडकीशी खाटेवर उशांना टेकून होते. त्यांचं बोलणं आता फक्त मुलीला समजत होतं. मी कीबोर्डच्या सेटिंगची ती फाइल उघडली. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर त्यांनी ती सुचवणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं. निलेश. सुचेता. माझ्या नावाच्या अकरा ओळी होत्या. या ओळी पुसल्या की बटणं पुन्हा जागेवर येणार होती. मी भाईंकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणावं असं मला फार वाटत होतं.

ते काहीतरी पुटपुटले. “पुसा म्हणतायत,” मुलगी म्हणाली.

सगळी फाइल एका झटक्यात उडवता आली असती. माझ्याच्याने ते झालं नाही. मी एकेक ओळ पुसत गेले, आणि रडू आवरायला मधेमधे थांबत होते. शेवटची ओळ गेल्यावर मुलीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि भराभर स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. सगळी अक्षरं बरोबर उमटली.

“झालं, अब्बा,” म्हणत तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि पुन्हा टाइप करायला लागली. भाई स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते तिच्या दहा बोटांकडे बघत होते.