केसरबाईचा पापडखार

हे मी कुणाजवळच बोलले नाही — घरच्यांजवळही नाही. चौथीपर्यंत शिकलेली मी. चारचौघांत जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते.

त्या मे महिन्यात राजस्थानच्या वाळूत अणुबॉम्ब फोडून पाहिला, असं रेडिओवर सांगितलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला. मग हे म्हणाले, त्याचं विष वाऱ्यावर उडतं, मातीत मुरतं, दिसत नाही. नागपुरात तेव्हा लू चालू होती — ती कुठून येते? तिकडूनच ना?

शेजारची केसरबाई तिकडचीच. पापडखार ती माहेराहून आणायची, साऱ्या गल्लीला द्यायची. तिच्याच खाराचे पापड आम्ही नुकतेच लाटले होते. माझ्या शोभानं कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या — आणि आता तिच्या अंगावर फोड.

झालं. केसरबाई हसली तरी मला संशय, गप्प बसली तरी संशय. ती स्वतः पापड का खात नाही? नळावर मी एवढंच म्हटलं, "खार तिकडचाच आहे ना वं?"

"तरीच म्हटलं, पोरीले फोड काहून आले," एक जण म्हणाली. मी कधी बोलत नाही ना — म्हणून सगळ्यांना खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पापड लाटायची पाळी केसरबाईकडे होती. पोरीच्या लग्नाचे पापड. तिनं ओसरीवर घरोघरचे पोळपाट मांडले होते, माझाही आदल्या दिवशीच नेलेला. पीठ ओल्या फडक्याखाली. एकही बाई गेली नाही.

मी दाराच्या फटीतून पाहत होते. तेव्हाच आठवलं — की आधीपासूनच ठाऊक होतं? — खार तिनं दिवाळीत आणला होता. मीच तो बरणीत भरला होता. बॉम्ब तर आता फुटला. आणि शोभाला फोड दर उन्हाळ्यात येतात.

त्या विषाला भिणं खोटं नव्हतं. पण बॉम्बाचा पेढा मला गोड लागला, आणि संशय आला तो खार देणाऱ्या बाईचा. हे कसलं डोकं?

दार उघडून नुसतं जायचं होतं. मी कडी लावली.

मायलेकी दोघीच लाटत राहिल्या. पीठ वाळलं, पापडांच्या कडा फाटल्या. संध्याकाळी केसरबाई माझा पोळपाट परत घेऊन आली.

"दोनदा धुतला वं," ती म्हणाली. "भिऊ नको."

सगळं ठाऊक असूनही तो मी पदरानं धरून घेतला. तिनं ते पाहिलं.